साकवावर थांबवा

रोह्याहून कोलाडला जाणाऱ्या मिनिडोरला घंटी नसते. मागं दोन बाकं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, आणि आपलं ठिकाण आलं की इंजिनाच्या धडधडीवरून ड्रायव्हरला ओरडून सांगायचं. यात अवघड ते काय? शाळेची पोरं सांगतात, पाटी घेऊन बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या सांगतात, कोणी घोटभर घेऊन आलेला असला तर तो दोनदा सांगतो. निकेश भगतला मात्र ते कधी जमलं नाही.

निकेश मुका नव्हता. घरी आईशी बोलायचा, गोठ्यातल्या म्हशीशी तर जरा जास्तच बोलायचा. पण चार परकी माणसं भोवती असली की कानशिलं तापायची आणि ओठांपर्यंत आलेला शब्द परत फिरायचा. शाळेत गुरुजी हजेरी घेत तेव्हा वर्गात बसलेल्या निकेशची गैरहजेरी लागायची, कारण 'हजर' म्हणायला तोंडच उघडत नसे. गुरुजी भला माणूस. पुढं पुढं ते नाव न घेताच त्याच्याकडं बघून खूण करत. मिनिडोरमध्ये असे गुरुजी कुठून येणार?

धाटावच्या एका कंपनीत तो पॅकिंगला होता. शिफ्ट सुटली की नाक्यावरून मिनिडोर धरायची. त्याचं गाव कोलाडच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. फाट्याला पाटी नाही, ओढ्यावरचा एक लहानसा साकव हीच खूण. गावातलं कोणी गाडीत असलं तर ते सांगायचं आणि निकेश मागोमाग उतरायचा. कोणी नसलं तर साकव डोळ्यांदेखत मागं जायचा, हा बाकाची कड धरून बसून राहायचा, कोलाडला सगळ्यांबरोबर उतरायचा आणि तेवढा रस्ता चालत परत यायचा. रिकाम्या हातानं परत कसं फिरायचं, म्हणून कोलाडला थोडी भाजी घ्यायचा.

"कोलाडची वांगी काय सोन्याची हायत का रे?" त्याची आई हौसा एकदा म्हणाली. "दारात वेल लागलाय घोसाळ्याचा, आन हा पिशव्या भरभरून आणतोय."

निकेशनं मान खाली घालून वांगी धुवायला घेतली.

गावाला त्याच्या गप्प राहण्याचा राग नव्हता. राग होता तो याला काही व्हायचंच नाही याचा. बरोबरीची पोरं कोणी पनवेलला फ्लॅट बघत होती, कोणी जमिनीच्या व्यवहारात शिरून पांढरे बूट घालू लागली होती. कंपनीत साहेबांनी त्याला लाईन सांभाळायला सांगितली, तर रोज सकाळी वीस जणांसमोर उभं राहून बोलावं लागेल म्हणून हा नको म्हणाला. खांब गावी मुलगी बघायला नेलं. पोह्यांच्या बश्या फिरल्या, आणि मुलीच्या मामानं विचारलं, पुढचं काय ठरवलंय? आता अशा वेळी माणसानं गाडी सांगावी, स्लॅबचं घर सांगावं, कोण तपासायला येतंय? पण निकेशनं खरोखरच विचार केला, चांगला पोहे गार होईपर्यंत केला, आणि म्हणाला, काय नाय. झालं, ते स्थळ तिथंच संपलं.

लोक त्याला आळशी म्हणत, ते साफ खोटं. कंपनीत एक खाडा नाही, शेतात आईला पुरा पडायचा. पण आतून त्यालाही हे लागायचं. बाकीच्यांना काही ना काही हवं असतं, त्यासाठी ती पळतात, चिडतात, रडतात. ते हवंसं वाटणंच आपल्या वाट्याला आलं नाही, असं त्याला वाटायचं. कधी कधी साकवाच्या कठड्यावर बसून तो जाणाऱ्या गाड्या बघायचा आणि त्यातल्या प्रत्येकाला कुठंतरी जायचंय याचा त्याला हेवा वाटायचा.

आणि मग मृणाली आली. आली म्हणजे ती त्याच मिनिडोरला आधीपासूनच असायची. पोरगी कोलाडची, रोह्यात डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला. दिवसभर दारात उभं राहून पेशंटची नावं पुकारायची हे तिचं काम. त्यामुळं आवाज असा खणखणीत, की घरी पाणी मागितलं तरी शेजारी ऐकू जावं. हा माणूस कोलाडला उतरतो, वांगी घेतो आणि आल्या रस्त्यानं परत चालू लागतो, हे तिनं किती दिवस पाहिलं असेल कोण जाणे. एका संध्याकाळी साकव जवळ आला आणि फोनमधून डोकं वर न काढता ती म्हणाली, "यूनुसभाई, साकवावर थांबवा."

यूनुसभाईंनी गाडी थांबवली. उतरायला कोणी उठेना. मृणालीनं निकेशकडं पाहिलं आणि नुसतं म्हणाली, उतरा. तो उतरला. आभार मानायचे राहिले, ते घरापर्यंत त्याच्या तोंडातच राहिले.

तेव्हापासून रोज. ती कधी फोनवर असायची, कधी शेंगा सोलत असायची, पण साकव आला की तिचं ते एक वाक्य यायचंच. निकेश नाक्यावर दोन-दोन मिनिडोर सोडून तिची येईपर्यंत उभा राहू लागला. घरात वांगी यायची बंद झाली. गावातलं कोणी गाडीत चढलं आणि त्यानंच गाडी थांबवली, तर निकेशला त्या माणसाचा राग यायचा, जन्मात कोणाचा आला नव्हता इतका. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला काहीतरी हवंय. सगळ्या जगात हवं होतं ते एवढंच, की दिवस मावळताना तिनं साकवावर थांबवा म्हणावं. खांबच्या मामाला हे कसं सांगणार?

वर्ष असंच गेलं. तिचं नाव त्याला तिच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं होतं. त्याचं नाव तिला कळायला मार्गच नव्हता.

मग एका मंगळवारी ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, की डॉक्टरांनी पेणला नवीन दवाखाना काढलाय, सोमवारपासून मी तिकडं, आत्याकडंच राहणार. निकेशनं बोटांवर दिवस मोजले. शनिवार शेवटचा. चार दिवस त्यानं म्हशीसमोर उभं राहून एकच वाक्य घोकलं, तुमची आठवण येईल. म्हशीला ते पाठ झालं असेल.

शनिवारी ती समोरच बसली होती. धाटाव मागं पडलं, वळण आलं, साकव दिसू लागला. ती बोलली नाही. फोन पर्समध्ये होता, हात मांडीवर, आणि ती सरळ निकेशकडं बघत होती. आज ती सांगणार नाही, आपण सांगावं म्हणून थांबलीय, हे त्याला लख्ख कळलं. त्यानं बाकाची कड धरली. यूनुसभाईंनी सवयीनं गाडी जरा हळू केली, मागून आवाज येईना म्हणून पुन्हा वेग दिला, आणि साकव गेला.

कोलाडला सगळे उतरले. निकेश मान खाली घालून उभा राहिला. मृणाली दोन पावलं गेली आणि परत आली.

"सोमवारपासून कोण सांगणार?" ती म्हणाली. घोकलेलं सगळं वाक्य समोर होतं, नुसतं उचलायचं होतं. ती थोडा वेळ थांबली. समोरून तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला. जाताना तिनं सांगितलं, "पेणला एसटी स्टँडच्या मागंच हाय आमचा दवाखाना. डोळे-बिळे दाखवायचे असले तर या."

त्या दिवशी पुन्हा घरात वांगी आली. हौसानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती चिरायला घेतली.

सोमवारी निकेश मिनिडोरमध्ये बसला तेव्हा चालतच परत यायचंय असं धरून बसला होता. पण साकव आला आणि यूनुसभाईंनी कोणी न सांगता गाडी थांबवली. आरशातून म्हणाले, उतर रे बाबा. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्या एका गोष्टीपायी त्यानं वर्षानुवर्षं पाय झिजवले, ती अशी फुकटात मिटली. आणि निकेश साकवावर उतरून उभा राही तेव्हा त्याला रडू येई. गाडी थांबायला हवी होती असं थोडंच होतं? त्याला तो आवाज हवा होता. साकव, ओढा, कठडा सगळं जागच्या जागी होतं आणि तरी तिथं काही नव्हतं.

महिनाभर त्यानं काढला. मग एका सुट्टीला इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. हौसानं विचारलं, कुठं? म्हणाला, पेणला, डोळे दाखवायला.

"डोळ्यांना काय झालं?"

"तेच बघायचंय," निकेश म्हणाला.

दवाखान्यात बाहेर एक पोरगी नावं लिहून घेत होती. त्यानं इतक्या हळू सांगितलं की तिनं कागदच पुढं सरकवला आणि त्यानं स्वतःच लिहिलं. मग तो मागच्या रांगेत, एका भल्याथोरल्या माणसाच्या आड बसला. माणसं खच्चून भरली होती. आतलं दार उघडलं आणि त्याला मृणालीचा आवाज ऐकू आला. एकेक नाव, खणखणीत. डोळे कागदावर.

"निकेश हिरामण भगत."

आपलं नाव इतकं चांगलं आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. तो हलला नाही. कोणाचं नाव आपण घेतोय हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं पुन्हा पुकारलं. तेही त्यानं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, गेला वाटतं कंटाळून, आणि पेन घेऊन नावावर टेकवलं. वर्गातली ती जुनी गैरहजेरी निकेशला समोर दिसली. आता तर गुरुजीही नव्हते.

"हाय," तो उभा राहून ओरडला. "मी हाय."

सगळा दवाखाना वळून बघू लागला. एका बाईच्या कडेवरचं पोर दचकून रडायला लागलं. मृणालीनं मान वर केली, आणि ती बघतच राहिली. माणसांतून वाट काढत तो दारापाशी गेला. कानशिलं पेटली होती, तरी तो गेला.

"एवढा आवाज हाय तुमाला," ती म्हणाली. "मग साकवावर का नाय निघाला कदी?"

"तिथं तुमी सांगायच्या," निकेश म्हणाला. "तेच पायजे होतं."

बाजूला सरून तिनं त्याला आत जायला वाट दिली आणि पुढचं नाव पुकारलं. ते इतक्या हळू पुकारलं, की पहिल्या रांगेतल्यांनाही ऐकू गेलं नाही.