पिशवीतला टोमॅटो

बदलापूरच्या आमच्या कॉलेजमागे आता गाड्या उभ्या असतात. तिथेच आम्ही मुलं भाजी पिकवायचो, आणि ज्यांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची मारामार असायची त्यांना दर शनिवारी कापडी पिशव्या भरून द्यायचो. नाव कुणालाच विचारायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून खरवईकडून येणाऱ्या त्या मावशींचं नाव मला आजही माहीत नाही.

कुणाच्या घरात शिरावं तशा त्या फाटकाशी चपला काढायच्या. मागच्या शनिवारची पिशवी स्वच्छ धुऊन आणायच्या आणि तिच्यात काहीतरी असायचंच. कधी दोन चिंचा, कधी मूठभर कढीपत्ता. म्हणायच्या, "पोरी, दुसऱ्याची पिशवी रिकामी परत देऊ नये."

एकदा पिशवीतून एकच सुरकुतलेला टोमॅटो निघाला. उल्हासनगरचा आमचा मित्र हसला, "मावशी, ये तो अपनाच टमाटर आहे ना!"

"होता तुमचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आठवडाभर माझ्या घरात राहिला. आता माझ्याकडचा."

त्याचं हसू तिथेच विरलं. आम्ही दिलेली भाजी त्यांच्या घरी जेमतेम दोन दिवस पुरत असेल. त्यातूनही हा बाजूला काढून ठेवलेला.

परत देऊन टाकावा, असं माझ्या मनात आलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मी सुरी शोधायला गेले. वाफ्याच्या कडेला उभं राहून आम्ही चौघा मुलांनी तो वाटून खाल्ला. शेवटची फोड माझ्या तोंडात जाईपर्यंत मावशी बघत राहिल्या, आणि मगच त्यांनी नव्या भाजीसाठी पिशवी पुढे केली.