बाळंतिणीची बादली

"उतर खाली. टेबल धू."

माझी पोरगी जन्मून थोडाच वेळ झाला होता. तिला कसल्याशा फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली होती, ती रडत होती, आणि माझ्या मांड्या माझ्या ताब्यात नव्हत्या. मला वाटलं, सिस्टर दुसऱ्या कुणाला तरी म्हणतायत. सफाईच्या मावशी दाराशी स्टुलावर तंबाखू मळत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"तिच्याकडं काय बघतीस?" सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या वस्तीतल्या बायांचं ती धूत न्हाय. बादली आणलीयस की."

आणली होती. सासूनंच बांधून दिली होती, आत जुन्या लुगड्याचं फडकं घालून. मी उतरले. पुढे पुसायची, मागे पुन्हा रक्त ठिबकायचं. मग मागे वळून तेही पुसायची. "आधी टेबल, मग जमीन," सिस्टर म्हणाल्या, "उलटं करत्यात व्हय?" मावशी हसल्या. डॉक्टर मॅडम दारात आल्या. त्यांनी मला बघितलं. फरशी ओली आहे म्हणून साडीच्या निऱ्या उचलल्या आणि परत गेल्या.

शिवी दिली असती तर मी विसरले असते. त्या निऱ्या विसरले नाही.

हा दवाखाना मोहोळकडच्या रस्त्यावरच्या आमच्या गावचा. त्याचं नाव इथं लिहीत नाही. जिथं लिहायचं होतं तिथं लिहून दिलंय.

मी बोलणारी बाई नव्हे. घरी आले, पोरीला पाजलं, कामाला लागले. कुणी विचारलंही नाही, कारण वस्तीतल्या प्रत्येक बाईनं ते टेबल धुतलं होतं. पेठेतल्या बाया मोकळ्या हातानं यायच्या, आम्ही बादली घेऊन जायचो. नववा लागला की सासवा बाजारातून बादली आणायच्या आणि म्हणायच्या, रीत हाय. विहारात दर पौर्णिमेला वंदना म्हणणारे आम्ही. देव सोडले, उपास सोडले. बादली न्हाय सोडली.

पुढं मी आशाताई झाले. घरोघर जाऊन गरोदर बायांना सांगायचं काम. गोळ्या घे, सोनोग्राफी कर, बाळंतपणाला दवाखान्यातच ये. आणि शेवटी मी सांगायची, बादली तयार ठेव. हे मला सरकारनं शिकवलं नव्हतं. सिस्टरनीही सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनानं सांगत होते, आणि वाटायचं, बाईची आयत्या वेळी फजिती नको. म्हणजे त्यांचं काम मीच सोपं करून देत होते. मला आता स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

सुजाता करमाळ्याकडची. वस्तीत सून म्हणून आली, मला आत्या म्हणायची. नवव्या महिन्यात तिला बादलीचं सांगितलं तर ती हसायला लागली.

"आत्या, दवाखान्यात बादली नसती व्हय?"

"असती. आपल्याला न्यावी लागती."

"का?"

तेवढंच विचारलं तिनं. मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, लई शहाणपण करू नकोस, पहिल्या खेपेला लाज राखावी. बादली मात्र तिनं घेतली नाही. तिची सासू घेऊन आली.

तिचं बाळंतपण झालं तेव्हा मी आत होते. सिस्टर नव्या होत्या, वयानं माझ्या पोरीएवढ्या. वाक्य तेच. उतर खाली. टेबल धू. सुजातानं सिस्टरकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी आशा होते, मला तिथं उभं राहायचा हक्क होता, मी नाही म्हणू शकत होते. मी बादली उचलली आणि टेबलावर पाणी ओतलं.

ती उतरली. ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला. टाके उसवले, त्यात पू झाला, आणि तान्हं लेकरू सासूच्या हाती देऊन ती सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पडून राहिली. मी भेटायला गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. अजून बोलत नाही. बोलूही नये.

मग यंदा सोलापुरात सुनावणी ठरली. बायांच्या बाळंतपणाचं, पाळणा लांबवायचं, गर्भपाताचं, सगळ्याचं नवीन धोरण राज्य आखतंय, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात बायांचं ऐकणार. बायांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेच्या ताईंनी तिथं बोलायला मला निवडलं. माझ्याकडून तालीम करून घेतली. बादलीचं ऐकलं आणि म्हणाल्या, ते नको. जात काढली की मुद्दा भरकटतो. तुम्ही खाटा, औषधं, गाडी वेळेवर येत नाही, यावर बोला. मी मान हलवली. जन्मभर तीच हलवत आले होते.

सभागृहात गेले. मंचावर अधिकारी होते आणि त्यांच्या शेजारी तज्ज्ञ म्हणून आमच्या डॉक्टर मॅडम. आता निवृत्त, केस पांढरे. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांच्या निऱ्या मी ओळखल्या.

मी बादली नेली होती, सुजाताच्या सासूकडून मागून. ती हिरव्या कापडावर, पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवली. एक शिपाई म्हणाला, ओ मावशी, ती खाली ठेवा. मी म्हणाले, लई वर्षं खालीच ठेवली.

आणि सांगितलं. माझं सांगितलं, सुजाताचं सांगितलं, पाणी मी ओतलं तेही सांगितलं. पुण्याच्या ताई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या.

मॅडम माईक ओढून म्हणाल्या, "एवढं होतं तर तेव्हा का नाही बोललात?"

"तवा मी तुमचं टेबल धूत होते, मॅडम."

त्या पाणी प्यायल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

अधिकारी म्हणाले, मसुद्यात 'सन्मानपूर्वक वागणूक' असा शब्द घालतो. मी म्हणाले, सन्मान तुमच्याकडंच ठेवा, शिक्षा लिहा. बाळंतिणीला टेबल धुवायला लावणाऱ्याची नोकरी जाईल. दारातून बघून परत गेलेल्या डॉक्टरची जाईल. पाणी ओतणाऱ्या आशाची जाईल. माझ्यापासून सुरू करा.

परतताना ताई म्हणाल्या, असली ओळ धोरणात बसत नाही. नसेल बसत. ती बसेपर्यंत मी प्रत्येक सुनावणीला जाणार आहे, आणि मॅडम जिथं तज्ज्ञ म्हणून बसतील तिथं समोर बसणार आहे. माफी मागितली तर घेणार नाही. माझ्याकडं ती ठेवायला जागा नाही.

वस्तीत आता कुणी बादली आणत नाही. मी दारोदार जाऊन सांगितलंय, मोकळ्या हातानं जायचं.

सुजाताला पुन्हा दिवस गेलेत. ती मला बोलावणार नाही, तरी मी जाणार. या खेपेला बादली मी नेणार, पाण्यानं भरून. सिस्टर "उतर" म्हणाल्या की त्यांच्याच हातात देणार आणि दार अडवून उभी राहणार.

आधी टेबल, सिस्टर. मग जमीन. उलटं करायचं न्हाय.