एक्सचेंजबाईंची तार

एक्सचेंजबाईंनी उभं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात घालवलं. टेलिफोनच्या कचेरीत लांबलचक फळीसमोर बसायचं, कानाला हेडफोन, दोन्ही हातांत प्लगच्या दोऱ्या. दिवा लागला की कोण हवंय ते विचारायचं, दोरी खुपसायची आणि बाजूला व्हायचं. जोडणी झाल्यावर ऐकत बसायचं नाही, असा नियम होता आणि बाईंनी तो कटाक्षाने पाळला. त्यामुळे त्यांच्या वाट्याला आल्या त्या फक्त सुरुवाती. कोणीतरी ‘हॅलो’ म्हणायचं, पलीकडून ‘कोण बोलतंय?’ यायचं, की बाई बाहेर. पुढे काय झालं, कोण रुसलं, कोण हसलं, ते त्यांना कधी कळलं नाही.

मग फळी गेली, यंत्रं आली, बाईंना तक्रारींच्या खिडकीवर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. घरात त्या आणि नवरा, दोघंच. नवरा घरं रंगवायचा. रंगाऱ्याच्या तोंडावरून ब्रश फिरवला तरी त्याचं बोलणं थांबायचं नाही, असं गल्लीत म्हणत. पण शिडीवर चढला की तो मांजरासारखा हलका व्हायचा, आणि दोरीच्या गाठी अशा मारायचा की वादळानेही सुटू नयेत. विजेला मात्र तो टरकून असे. घरातला बल्बसुद्धा बाईच बदलत.

बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. दुकानाच्या माळ्यावर ते हौशी रेडिओवाल्यांचा वर्ग घेत. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि स्वतःच्या घरातून जगाशी बोलायचं, असा तो छंद. बाई घड्याळाचा पट्टा बदलायला गेल्या आणि वरून हेडफोनमधल्यासारखी ती ओळखीची खरखर ऐकून जिना चढल्या. परीक्षा त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. परवाना आला, एक जुना सेटही मिळाला. घड्याळवाल्यांनी तो तपासून दिला आणि म्हणाले की सेट म्हणजे नुसता गळा, आवाज बाहेर नेते ती तार. तार नीट नसेल तर सगळं मुसळ केरात.

टेबलपंख्याला लागते तेवढीसुद्धा वीज त्या सेटला लागत नव्हती. एवढ्याशा जोरावर समुद्र कसा ओलांडायचा, आकाशाच्या वरच्या थरावर आपटून आवाज दूरदेशी कसा उतरतो, हे बाईंना पुस्तकात वाचून पाठ होतं, पण पटत नव्हतं.

तार साधीच होती. तांब्याच्या वायरीचे दोन सारखे तुकडे, मध्ये जोड, जोडातून केबल खाली खोलीत. दोन्ही टोकांना भाजी चिरायच्या जुन्या प्लॅस्टिकच्या पाटाचे कापलेले तुकडे, म्हणजे दोरी आणि तार यांचा संबंध यायला नको. रंगाऱ्याने ती गच्चीच्या लोखंडी कठड्यालगत, हाताला येईल अशी बांधली. बाईंनी घड्याळवाल्यांकडून आणलेलं मीटर जोडलं. तार सेटच्या मापाची नसली की पाठवलेली शक्ती वर न जाता उलटी परत येते. किती परत आली ते हा काटा दाखवतो. काटा एकावर टेकला म्हणजे सगळं निघून गेलं. बाईंचा काटा तिनाच्या खाली यायला तयार नव्हता.

‘तार लांब झालीय,’ त्या म्हणाल्या. रंगाऱ्याने दोन्ही टोकं थोडी थोडी कापली. काटा जरासा हलला. त्याला चेव आला आणि पुढच्या वेळी त्याने चांगली वीतभर तार उडवली. काटा तरीही हटून बसला. दोघंही घामाघूम होऊन टाकीच्या सावलीत टेकले. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की चूक कापण्यात नव्हतीच, जागेत होती. लोखंडी कठडा तारेला खेटून होता, तोच तिची शक्ती गिळत होता. तार मोकळ्या हवेत हवी होती. आणि मोकळी हवा होती ती गल्लीवर. पलीकडच्या टोकाला होतं कंपाउंडरांचं उंच झाड.

दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर म्हणजे गल्लीतली नकारघंटा. बाईंनी विचारताच त्यांनी वीज पडेल इथपासून टीव्ही बिघडेल इथपर्यंत सगळं ऐकवलं. पावसापाण्यात केबल काढून ठेवू, टीव्हीला त्रास झाला तर त्याच दिवशी तार उतरवू, असं बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं. ते ढिम्म हलले नाहीत. बाई परत निघाल्या तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली.

कंपाउंडरांची बायको बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती. तिच्या खाटेसमोरच्या खिडकीतून बाईंची गच्ची दिसायची. नवरा-बायको वर काय बांधतात, काय कापतात, मग डोक्याला हात लावून का बसतात, हे ती रोज बघत होती.

‘तुम्ही कोणाशी बोलणार आहात?’ तिने विचारलं.

‘ते मलाही ठाऊक नाही,’ बाई म्हणाल्या. ‘जो ऐकेल त्याच्याशी.’

ती झाडाकडे वळली. मग नवऱ्याला म्हणाली, ‘बांधू द्या त्यांना. मला निदान बघायला काहीतरी होईल.’

कंपाउंडरांनी स्वतः शिडी धरली. रंगारी झाडावर चढला, फांदीवरून दोरी टाकली. इकडचं टोक टाकीच्या खांबाला गेलं, मधला जोड गच्चीच्या कडेला उभ्या केलेल्या बांबूवर उंच चढला आणि दोन्ही बाजू छपरासारख्या उतरत्या झाल्या. बाईंनी मीटर लावलं. काटा खाली आला, पण सेटवरच्या भलत्याच आकड्याला; बाईंना बोलायचं होतं तिथे नाही. लोखंडापासून सुटल्यावर तार आता आखूड पडत होती. रंगाऱ्याने काही न बोलता खिशातून कापलेले तुकडे काढले. त्याचं गप्प राहणं हेच नवल होतं. बाईंनी ते डाग देऊन जोडले. या वेळी कापाकापी केली नाही. टोकं मागे दुमडून तारेवरच पिळली, म्हणजे चुकलं तर उलगडता येईल. एकेक बोटभर दुमडायचं, खाली जायचं, बघायचं, पुन्हा वर. ऊन कललं तेव्हा काटा एकाच्या शेजारी जाऊन निमूट बसला.

बाईंनी हेडफोन लावला आणि त्यांना पहिल्यांदा वाटलं की सेटच बदलला. कालपर्यंत जिथे नुसती फसफस होती तिथे माणसं होती. एकावर एक, दूरदूरची, नाना भाषांतली. खिडकीबाहेर दिवेलागण होत होती. कंपाउंडर दारात उभे होते. बायकोला ऐकू जावं म्हणून फोन लावून त्यांनी तो हातात धरला होता. बाईंनी हेडफोन काढून आवाज खोलीत सोडला.

एक माणूस इंग्रजीतून हाक देत होता. नकाशाच्या पार तळाशी, समुद्रातल्या एका बेटावर हवामानाचं ठाणं होतं, तिथला तो स्वयंपाकी. त्याच्याशी बोलायला जगभरातून झुंबड उडालेली. बाईंनी बटण दाबून आपली खूण, म्हणजे परवान्यावर मिळालेली अक्षरं, सांगितली. ती त्या गलक्यात बुडाली. पुन्हा सांगितली, पुन्हा बुडाली. रंगारी हळूच म्हणाला, ‘राहू दे, उद्या बघू.’ बाईंनी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

आणि स्वयंपाकी थांबला. ‘एका बाईंचा आवाज येतोय,’ तो म्हणाला, ‘अगदी बारीक. बाकी सगळ्यांनी थांबा. बाई, पुन्हा बोला.’

सगळे थांबले. कुठल्या कुठल्या देशांतली, बाईंहून कितीतरी जोरकस सेट असलेली माणसं क्षणात गप्प झाली. राहिली ती नुसती हवेची सुस्कारल्यासारखी सळसळ. एवढी मोठी शांतता बाईंनी कधी ऐकली नव्हती. ती त्यांच्यासाठी केलेली होती. त्यांनी बटण दाबलं. मग त्यांनी फळीवरच्या त्या जुन्या, स्वच्छ आवाजात आपली खूण सावकाश सांगितली.

‘ऐकतोय,’ तो म्हणाला. ‘शब्द न शब्द कळतोय.’

मागे एवढे ताटकळत असताना तो खरं तर दोन वाक्यांत निरोप घेता. पण तिकडे नुकताच सूर्य उगवत होता आणि त्याला सांगावंसं वाटलं असावं. म्हणाला, पाण्यावर पट्टा उमटलाय, पक्षी उठलेत, माझी कणीक फुगतेय. फोनमधून कंपाउंडरांच्या बायकोचा क्षीण आवाज आला: तिथे झाडं आहेत का? बाईंनी विचारलं.

‘एकही नाही,’ तो म्हणाला. ‘वारा टिकूच देत नाही. नुसतं गवत, तेही आडवं झोपलेलं. तुमच्याकडे आहेत?’

‘एक आहे,’ बाई म्हणाल्या. ‘त्याच्याच फांदीवरून माझा आवाज तुमच्यापर्यंत येतोय.’

तो हसला. खोलीतल्या सगळ्यांनी ते हसू ऐकलं. मग आवाज पातळ होत गेला, एखाद्या शब्दापुरता वर आला आणि विरला. कंपाउंडरांनी फोन कानाला लावला, बराच वेळ बायकोचं बोलणं ऐकलं आणि डोळे पुसत जिना उतरले.

‘कुठे गेला तो?’ रंगाऱ्याने विचारलं.

‘तो तिथेच आहे,’ बाई म्हणाल्या. ‘आकाश सरकलं.’

पुढे बाई खूप जणांशी बोलल्या. जहाजांवरच्या, डोंगरांवरच्या, इस्पितळाच्या खाटेवरून बोलणाऱ्या माणसांशी. कंपाउंडरांची बायको त्यानंतर फार दिवस राहिली नाही, पण होती तोवर रोज संध्याकाळी फोन लागलेला असे आणि तिचे प्रश्न बाई जगाला विचारत. सवय मात्र बाईंना कधीच झाली नाही. कोणी उत्तर दिलं की आजही त्या खुर्चीत ताठ होतात, आणि बोलणं संपल्यावर, पलीकडचा आवाज पुरता विरेपर्यंत, श्वास रोखून ऐकत राहतात.