स्पेनला जाण्याआधी तोंडवलीचा कौल

कुडाळला गाडीतून उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, ऑलिव्हची एक बाटली आणि भांडायची पूर्ण तयारी होती. मुंबईच्या कॉलेजात मी पंचवीसेक वर्षं स्पॅनिश भाषा आणि साहित्य शिकवतेय. एवढ्या काळात पालकांना कॉलेजात बोलावलं असेल, पण त्यांच्या घरी निघायची ही पहिलीच वेळ. माझ्या विद्यार्थिनीला, रसिकाला, स्पेनमध्ये शिकायला शिष्यवृत्ती मिळाली होती. होकार कळवायची मुदत संपत आली होती आणि तिच्या वडिलांचा निरोप होता, “देवाक इचारल्याशिवाय नाय.”

समुद्रावरच्या स्पॅनिश कविता मी वर्षानुवर्षं शिकवल्या, त्याही निळ्या खडूने फळ्यावर समुद्र काढून. मुलं विचारतात, हे परीक्षेला येणार का? रसिकाने विचारलं होतं, “मॅडम, या कवितेत वारा कुठला सुटलाय? दक्षिणेचा असेल तर होडी कुणी बाहेर काढणारच नाही.” त्या दिवशी मला नोकरीचं सार्थक वाटलं. अशी पोर हातची जाऊ द्यायची म्हणजे काय!

कुडाळहून एसटीने मालवण, तिथून रिक्षाने रसिकाचं गाव, तोंडवली. सुरूची झाडं संपली आणि समुद्र एकदम पुढ्यात आला. भांडण विसरून मी चपला हातात घेतल्या, पाण्यात शिरले, आणि एका दांडग्या लाटेने मला कमरेपर्यंत भिजवलं. अशा अवतारात मी पालकभेटीला पोचले.

रसिकाची आई, सुनंदाताई, दारातच हसायला लागल्या. “बाईनु, आधी लुगडा बदला, मगे झगडा करा!”

त्यांचं पातळ नेसून मी ऑलिव्हची बाटली पुढे केली. त्यांनी एक फळ तोंडात टाकलं आणि कळवळून म्हणाल्या, “अगो बाय, ह्या लोणचा नासला!” मग त्यांनी घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि गूळ घातलेलं नारळाचं दूध वाढलं. माझा निम्मा राग तिथेच उतरला.

उरलेला निम्मा मी वडिलांवर काढला. वामनदादा तरुणपणी मालवाहू बोटींवर खलाशी होते. “तुम्ही अर्धं जग फिरलात आणि मुलीला अडवता?”

“फिरलंय म्हणानच,” ते म्हणाले. “परमुलखात माणूस आजारी पडलो तर उशाक कोण बसणा नाय. माका म्हायत आसा.”

मी नारळाच्या दुधाची वाटी पुन्हा पुढे केली.

संध्याकाळी सुट्टीला घरी आलेल्या रसिकाला घेऊन आम्ही सगळे गावदेवाच्या देवळात गेलो. इथे मोठं काम देवाचा कौल घेऊनच होतं. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याआधी गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला सगळी हकिगत सांगतो, आणि बाकीचे दुजोरा देतात.

“बा देवा म्हाराजा! ह्या लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ही शिकवणारी बाय मुंबैसून इली आसा. हिच्या वर्गात पोरां भरूदेत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आमच्या विभागाच्या रोडावत्या पटसंख्येची तक्रार आजवर विद्यापीठापर्यंत गेली होती, देवापर्यंत प्रथमच पोचली.

मग वामनदादांनी हात जोडले. “चेडू हंयच रवान सुखात रवात, तर उजवी दी म्हाराजा!”

पोरगी इथेच राहून सुखी होणार असेल तर म्हणे उजवी! माझं डोकंच फिरलं. हवं ते उत्तर आधी ठरवून काढलेली प्रश्नपत्रिका ही! मी तोंड उघडणार तोच रसिकाने माझा हात घट्ट धरला. आम्ही कितीतरी वेळ पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो.

डावी पडली.

“हंय सुख नाय म्हणता देव!” सुनंदाताई ओरडल्याच.

“परत इचारूया?” गुरवाने वामनदादांना विचारलं. आडवा कौल आला की लोक प्रश्न फिरवून पुन्हा विचारतात, त्यात गैर काही नाही.

वामनदादांनी मूर्तीला पुन्हा हात जोडले. “नको. देवान सांगल्यान ता झाला. जावंदे चेडू.” आणि त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. रसिका त्यांना बिलगली. मीही रडले, आणि त्या रात्री आनंदाने बांगड्याचं तिखलं दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वामनदादा मला कुडाळ स्टेशनवर सोडायला आले. प्लॅटफॉर्मवर बराच वेळ घुटमळले, मग म्हणाले, “बाईनु, थंय ज्या बायच्या घरात चेडू रवतला, तिका हिंदी येता?”

“नाही.”

“मगे माका एक वाक्य शिकवा. फोन करून तिका इचारूचा आसा, पोरगी जेवली काय?”

मी सांगितलं, “या कोमियो ला निन्या?”

त्यांनी म्हणून पाहिलं. चुकले. पुन्हा म्हटलं. गाडी आली, मी चढले, तरी खिडकीशी त्यांची घोकंपट्टी चालूच. गाडी हलली तसे ते बरोबर चालू लागले. “निन्या बरोबर काय?”

“अगदी बरोबर!” मी ओरडले.

परीक्षेसाठी, नोकरीसाठी, हौसेसाठी ही भाषा शिकणारे मी खूप पाहिले. लेक जेवली का, एवढंच विचारायला शिकणारा हा पहिलाच. जूनमध्ये वर्गात कितीही पोरं येवोत, पहिल्या तासाला फळ्यावर मी हेच वाक्य लिहिणार आहे.