इसबाचं इंजेक्शन आणि चाई

मी माझ्या मुलीशी खोटं बोललो, तेही तिच्याच औषधाबद्दल.

तिला लहानपणापासून इसब. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. सतराव्या वर्षी दर दोन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं आणि त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून फिरली. मग डोक्यात एका जागचे केस गेले, इथल्या अमेरिकन क्वार्टरच्या नाण्याएवढी चाई पडली. महिन्याभरात अशा तीन.

मी दोष इंजेक्शनलाच दिला. तिला न विचारता तिच्या डोक्याचा फोटो इथल्या मराठी मंडळातल्या निवृत्त डॉक्टरकाकांना पाठवला. ते म्हणाले, "परस्पर काही बंद करू नकोस. तिच्या डॉक्टरला विचार."

मी विचारलं नाही. फार्मसीकडून घरी येणारं इंजेक्शनचं पुढचं पार्सल कॅन्सल केलं आणि तिला सांगितलं, "इन्शुरन्सने नाही म्हटलं."

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलची थंडी सुरू झाली आणि इसब परतला. केस काही आले नाहीत. शेवटी तिने स्वतःच फार्मसीला फोन लावला, आणि माझं खोटं तिला कळलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, गुरुवारी डॉक्टरकडे चल. ड्राइव्ह मी करते. तू फक्त ऐक."

मी ऐकलं. डॉक्टर म्हणाल्या, या औषधावर असताना काहींना चाई पडलेली दिसते, तर काहींचे गेलेले केस याच औषधावर परत येतात. हिच्या बाबतीत कारण औषधच आहे, असं खात्रीने सांगता येत नाही. मुलीने फोनमध्ये लिहून आणलेले प्रश्न एकेक करून विचारले. मग म्हणाली, "खाज मला झोपू देत नाही. केसांचं मी बघून घेईन. परत सुरू करू या." एवढा शांतपणा तिने माझ्याकडून नक्कीच घेतलेला नाही.

मंडळाच्या संक्रांतीला ती टोपी न घालताच आली. एका काकूंनी विचारलंच, "अगं, तेल लावत नाहीस का?"

"काकू, माझी बॉडीच केसांशी भांडतेय. तेलाने भांडण मिटतं?"

काकू हसल्या. "मग दोघांना तिळगूळ दे."

मी मात्र लोकांच्या नजरा चुकवत कोपऱ्यात उभा होतो. आमच्या घरात बापाने मुलांची माफी मागितलेली मी कधी पाहिली नाही. परतताना गाडी तीच चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर मी म्हणालो, "मी घाबरलो आणि तुझ्याशी खोटं बोललो. अंग तुझं, ठरवायचंही तूच. माझं चुकलं. मला माफ कर."