शुक्रवारचं मत

अण्णा गेल्याचा फोन काकूंनी मला केला नाही, बसवराजला केला. हुबळीत गोकुळ रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये लेथचा आवाज चालू होता, तो एकाएकी थांबला. मी मागच्या दारातून डोकावले तर बसवराज, माझा नवरा, मोबाईल कानाला लावून तसाच उभा. "तुमचे अण्णा गेले," एवढंच काकू त्याला म्हणाल्या होत्या... तुमचे. हा शब्द ऐकायला अण्णा हवे होते असं मला वाटलं, आणि मग रडू आलं.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. धारवाडच्या कोर्टात वकिली केलेले, काटेकोर, आवाज न चढवता समोरच्याला गप्प बसवणारे. माझ्यावर त्यांचा फार जीव. मी लिंगायताच्या मुलाशी लग्न करणार म्हटल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. "कर," म्हणाले आणि लग्नाला आले नाहीत. त्यानंतर नव्वदच्या दशकातली उरलेली वर्षं आणि पुढचीही काही आमचं बोलणंच नव्हतं. मी धारवाडला गेले की ते पेपर घेऊन आतल्या खोलीत जात.

टीव्हीवर ते फक्त बातम्या बघत. एकदा अंगणात पाय घसरला, हाड मोडलं आणि प्लास्टर घालून ते बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर अडकले. टीव्ही तिथंच. काकू गाण्याच्या स्पर्धेचा एक कार्यक्रम बघायच्या; परीक्षक बोलणार, प्रेक्षक मतं देणार, ज्याला कमी मतं तो बाहेर. अण्णांनी आधी भिंतीकडे तोंड केलं. मग कधीतरी कूस बदलली. डोंगराकडच्या गावातून आलेली, लांब वेणीची एक मुलगी गाताना शब्द विसरली, तरी न थांबता नुसत्या सुरांवर तिनं गाणं पुरं केलं. परीक्षक हसले. अण्णा कॉटवर उठून बसले. "हसतात काय? पोरगी थांबली का? तिची बाजू कोण मांडणार?" काकू सांगतात, त्या दिवसापासून शुक्रवारी त्यांना जेवण लवकर लागायचं.

प्लास्टर निघाल्यावरच्या एका शनिवारी दुपारी आमचं फाटक वाजलं. काठी टेकत, घामानं निथळत अण्णा उभे. वाटेत रायापूरजवळ बस बंद पडली होती. बराच वेळ उन्हात थांबून, मिळाला त्या टेंपोत बसून आले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसवराज आहेत का?" त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. बसवराज हात पुसत धावत आला. "बर्री अण्णा, कूडर्री," म्हणत त्यानं खुर्ची पुढे केली.

"बसायला नाही आलो. मोबाईलवरून मेसेज केला की मत पडतं म्हणे. त्या लांब वेणीच्या मुलीला द्यायचंय. संध्याकाळी मुदत संपते."

बसवराज हसला नाही. हळूहळू बटणं दाबून त्यानं मेसेज पाठवला.

"पोचलं कशावरून?" वकिलांनी विचारलं.

मोबाईल वाजला. मत मिळाल्याचा मेसेज होता. अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मग खुर्चीत टेकले. "नंदा, पाणी दे गं," म्हणाले... जणू सकाळीच माझ्याशी बोलले होते. मी तांब्या भरून आणला.

मग ते दर शुक्रवारी येऊ लागले. कार्यक्रम आमच्याकडे बघायचा, मत द्यायचं, मुक्काम करायचा, सकाळच्या बसनं परत. बसवराजशी कानडीतून परीक्षकांची उलटतपासणी चालायची. अखेर अंतिम फेरीच्या अलीकडे ती मुलगी बाहेर पडली. "ह्यात अपील नसतं का?" त्यांनी बसवराजला विचारलं. "इल्ल, अण्णा," तो मान हलवत हळूच म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते धारवाडला परतले तेव्हा आता येणं संपलं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा फाटक वाजलं.

"अण्णा, आता मत कुणाला?" बसवराजनं विचारलं.

"कुणाला नाही. नंदाची भाकरी झालीय का बघा."

लग्नाचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मीही नाही. अण्णा वारल्यावर मी धारवाडला काकूंजवळ बसले होते. मध्येच त्या म्हणाल्या, "मोबाईल शेजारीसुद्धा होता की गं. मी म्हटलं, भिंतीपलीकडं हाक मारा, कशाला उन्हात हुबळीला जाता? तर म्हणाले, परक्याला कशाला सांगायचं?"

परवा शुक्रवारी बसवराजनं टीव्ही लावला. कसलासा नवीन कार्यक्रम होता, कुणीतरी नाचत होतं. जाहिराती लागल्या तसा त्यानं रिमोट उचलून आवाज पार बंद केला. ही अण्णांची सवय. जाहिरातींत ते आवाज बंद करत आणि आमच्याकडे वळून विचारत, "हं, बोला... काय म्हणता?" खोलीत शांतता झाली. बसवराज माझ्याकडे वळला. मग त्या आवाज नसलेल्या टीव्हीसमोर बसून आम्ही दोघं कितीतरी वेळ बोलत राहिलो.