कमिशनरचं बक्षीस

हुसेन परकार गेली एकोणीस वर्षं बहरीनमध्ये, मुहर्रकच्या विमानतळावर व्हीलचेअर ढकलतो. कुणी विचारलं तर 'एअरपोर्टला आहे' एवढंच सांगतो. त्यामुळे दापोलीकडच्या त्याच्या गावात अर्ध्या लोकांचा समज आहे की हुसेनभाई विमानं उडवत नसले, तरी निदान त्यांना झेंडी दाखवत असतील. हा समज त्याने कधी खोडून काढला नाही. एवढ्याशा लबाडीने कुणाचं काय बिघडतं?

काम साधं आहे. गुडघ्यांनी सतावलेल्या आज्या, ऑपरेशन करून परतणारे काका, आणि चालता येत असूनही रांग चुकवायला खुर्ची मागणारे बेरकी लोक, या सगळ्यांना काउंटरपासून थेट विमानाच्या दारापर्यंत न्यायचं. मुंबईचं विमान आठवड्यातून चार-पाचदा तरी त्याच्या वाट्याला येतं. दाराशी पोचायचं, प्रवाशाला आतल्या बाईंच्या हवाली करायचं आणि रिकामी खुर्ची घेऊन मागे फिरायचं. त्या दारातून आत पाऊल टाकायचा त्याचा स्वतःचा योग दोन वर्षांतून एकदा. बाकीच्या वेळी दाराशी पोचला की त्याची नजर आत वळते. एव्हाना सवय व्हायला हवी होती, ती झाली नाही.

निरोप घेताना प्रवासी खिशात हात घालतात. देणारा अरब असो, मंगलोरचा असो की मुंबईचा, त्या देण्याला विमानतळावर एकच शब्द चालतो : बक्षीस. नोट हुसेनच्या गणवेशाच्या खिशात कोंबायची, खांद्यावर थोपटायचं आणि नावही न विचारता आत निघून जायचं. हुसेन घेतो. नाही म्हणायला तो काही नवाब नाही. पण त्या क्षणी तो खुर्चीच्या चाकाकडे बघत राहतो, जणू चाकातच काहीतरी बिघाड झालाय. माणूस पोटासाठी बरंच काही घेतो, पण म्हणून ते त्याला आवडतं असं थोडंच आहे.

हुसेन पहिल्यांदा बहरीनला आला तेव्हा त्याचा मुलगा राहील वर्षाचा होता. आता तो वीस वर्षांचा आहे, खेडला डिप्लोमा करतो. मधल्या काळात बापलेकांची गाठ पडली ती दोन वर्षांतून एकदा, दीड महिन्यापुरती. पोर लहान होतं तोवर फोनवर 'अब्बा, कवा येशाल?' करून जीव खायचं. मग एक दिवस ते विचारणं बंद झालं. का, कधीपासून, हे हुसेनला कळलंच नाही. पुढे फोनवर उरलं ते इतकंच : कसा आहेस, बरा, जेवलास काय, हो, अम्मीला देतो. आणि फोन नसीमाकडे जायचा. नसीमा भांडीकुंडी, नळाचं पाणी, कुणाचं लग्न, सगळं सांगायची, आणि हुसेन मागून पोराचा आवाज येतोय का ते ऐकत राहायचा. हुसेनला या जन्मात एकच गोष्ट हवी होती. पोराने एकदा, आपणहून, 'अब्बा, या' म्हणावं. स्वतः सुट्टी टाकून जाणं वेगळं आणि कुणीतरी बोलावणं वेगळं.

फुटबॉल आलं ते सुयोगमुळे. सुयोग खेडचाच, एसी दुरुस्त करतो, सखीरच्या बाजूला त्याची बरीच कामं असतात. त्याने मोबाईलवर फँटसी लीग काढली. आपण खेळायचं नाही, फक्त इंग्लंडच्या खऱ्या खेळाडूंमधून आपापली टीम निवडायची. निवडलेल्याने खऱ्या मैदानात गोल मारला की गुण आपल्याला. ही असली उंटावरून शेळ्या हाकायची सोय रिकामटेकड्यांनाच सुचते, असं दाजी म्हणाला, आणि सगळ्यात आधी त्यानेच नाव नोंदवलं. दाजी संगमेश्वरचा, जनाबियात एका व्हिलावर ड्रायव्हर, हुसेनचा पंधरा वर्षांचा दोस्त. ग्रुपमधल्या ओवैसने पहिल्याच बैठकीत बजावलं की पैसे लावले तर तो जुगार, आपल्याला मंजूर नाही. मग ठरलं, पैशाला मफी, म्हणजे पैसा नाहीच, जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना बिर्याणी खिलवायची.

आता लीगला एक कारभारी लागतो. तंटे सोडवायचे, नियम सांगायचे, वेळेची आठवण द्यायची. मोबाईलवर त्याला 'कमिशनर' म्हणतात. हुसेनला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ऑफसाइड काय ते आजही कळत नाही. तो नकोच म्हणत होता. पण सुयोग सहज बोलून गेला की टीम जगातून कुठूनही लावता येते, अगदी गावावरूनसुद्धा. हुसेनने लगेच मान डोलावली. अकरा जण जमले होते, बाराव्या टीमचं नाव त्याने स्वतः भरलं : राहील परकार.

दाजीने त्याला लगेच पदवी दिली, कमिशन न खाणारा पहिला कमिशनर. हुसेन हसला. पण काम त्याने असं केलं की पोलीस कमिशनरने लाजावं. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की तो मशिदीबाहेर सावलीत उभा राहायचा आणि बाराही जणांना वेगवेगळा आवाजी मेसेज पाठवायचा. ग्रुपवर एकदाच टाकून मोकळा होत नसे. 'सुयोग, टीम लावलीस काय?' 'दाजी, टीम लावलीस काय रं?' राहीलचा मेसेज शेवटी, घसा साफ करून.

पहिल्या वर्षी राहीलचं उत्तर यायचं, 'लावली.' दुसऱ्या वर्षी, 'लावली. गोलकीपर बदलला.' आणि एका शुक्रवारी चक्क सव्वा मिनिटाचा मेसेज आला. अमुक स्ट्रायकर कसा पाय दुखवून बसलाय, त्याला ठेवला तर टीमचा कसा बट्ट्याबोळ होईल, सगळं तावातावाने. हुसेनने तो सात वेळा ऐकला. स्ट्रायकरचं त्याला काही देणंघेणं नव्हतं. पोराचा आवाज जाड झाला होता, शब्दाच्या शेवटी हेल काढायची लकब थेट हुसेनच्या बापाची होती. तो ड्युटीच्या मधल्या सुट्टीत जेवणाचा डबा तसाच झाकून बसून राहिला.

तिसरा सीझन संपत आला असताना, मे महिन्यात, राहीलने ग्रुपवर लिहिलं : 'तीन वर्षं कमिशनर राबतात. सगळ्यांनी मिळून त्यांना बक्षीस द्यायला पाहिजे.'

ग्रुपवर एकच कल्ला उडाला. सुयोगने लिहिलं, 'बरोबर आहे, टीप दिलीच पाहिजे, मी एक दिनार.' ओवैसने लिहिलं, 'लीगमध्ये पैसा नको ठरलं होतं ना?' कुणी म्हणालं, अमेरिकेत तर देतातच, रिवाज आहे. कुणी म्हणालं, मित्राला टीप देतात होय, उद्या बायकोलाही चहाची टीप द्याल. दाजीने लिहिलं, 'कमिशनरला कमिशन द्या म्हंजे गप बसंल.' पाठोपाठ दात काढणारी दहा-बारा चित्रं.

हुसेनने हे वाचलं ते मुंबईच्या विमानाच्या दाराशी. नुकताच एक गृहस्थ फोनवर बोलता बोलता, त्याच्याकडे न बघता, मध्येच 'बक्षीस' म्हणून नोट खिशात सारून आत गेला होता. 'बक्षीस' शब्द तेव्हा त्याच्या कानात ताजा होता आणि आता तोच शब्द पोराच्या नावाखाली. त्याचं तोंड तापलं. सगळ्या जगाने खिशात नोट कोंबावी, कोंबते, ठीक आहे. पण घरी पोराला आपण विमानतळावर नेमकं काय करतो ते कळलंय, आणि आता तोही खांद्यावर थोपटून बक्षीस द्यायला निघालाय? रागापेक्षा लाजच जास्त वाटली. त्या लाजेपायी त्याने तिथल्या तिथे लिहिलं : 'घरच्या माणसांकडून मी बक्षीस घेत नाही. पुढच्या सीझनला दुसरा कमिशनर बघा.'

राहीलने काहीच लिहिलं नाही.

शुक्रवारी हुसेनने सावलीत उभं राहून नेहमीप्रमाणे विचारलं, 'राहील, टीम लावलीस काय?' दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. संध्याकाळी बघतो तर राहीलची टीम जशीच्या तशी, जखमी झालेला एक स्ट्रायकरही त्यात तसाच. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एका स्ट्रायकरने हुसेनची झोप उडवावी, हा विनोद दाजीने केला असता तर हुसेनने त्याला फाडून खाल्लं असतं.

दाजी आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, मॅडमना सोडून येताना. दोघं मुहर्रकच्या टपरीवर करक, म्हणजे इथला वेलची घातलेला कडक चहा घेऊन बसले. दाजी सुरुवातीला उन्हाबद्दल बोलला, मग म्हणाला, 'हुशेन, येक इचारू? टीप हा शबूद कुनी काडला? सुयोगनं. पोरानं काय लिवलं व्हतं?'

'बक्षीस. तेच ते.'

'तेच कसं? मी साळंत लांब उडीत दुसरा आलो, मला पितळंचा पेला दिला. त्याला आमी बक्षीस म्हनतो. तुला काय वाटलं, हेडमास्तरनं मला टीप दिली? आरं, तू एअरपोर्टचा कान घेऊन घरला जातोस.'

कपातला चहा हुसेनने तसाच ठेवला आणि नसीमाला फोन लावला. दाजी शहाणा माणूस, गाडी पुसायचं निमित्त करून उठून गेला.

नसीमाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'तुमाला त्याचं चौथीतलं बक्षीस याद हाय?'

'हस्ताक्षराचं ना? मी येणार होतो. सुट्टी रद्द झाली.'

'त्या साली शाळेनं ठरवलं व्हतं, बक्षीस ज्याच्या त्याच्या बापाच्या हातून द्यायचं. यानं सगळ्यांना सांगून ठेवलं, माझा अब्बा विमानातनं येणार. नाव पुकारलं, हा वर जाऊन उभा राहिला. बापाला बोलवलं, कोण येणार? मास्तरांनी बक्षीस पुढं केलं तर यानं हात मागं घेतले. घेतलंच नाय. रिकाम्या हातानं खाली आला.'

'मना कुणी सांगितलं नाय.'

'त्यानंच कसम घातली व्हती, अब्बाला सांगू नको, ते रडतील. त्या दिवसापासनं तुमी कवा येताव असं त्यानं कधी इचारलंय? आठवा बघू. यंदा म्हणत व्हता, अब्बाला उभ्या आयुष्यात कुणी बक्षीस दिलं नसंल, आपण देऊ. तुमी त्याला ग्रुपवर चार लोकांत उडवून लावलात.'

हुसेनने फोन शेजारी टपरीच्या बाकावर ठेवला. नऊ वर्षांचं पोर स्टेजवर हात मागे घेऊन उभं आहे, हे त्याला इतकं स्वच्छ दिसत होतं की डोळे मिटूनही जाईना. अकरा वर्षं हे घरात होतं आणि तो इकडे परक्यांना दारापर्यंत पोचवत होता. त्याला रडू आलं. भर दुपारी, रस्त्यावर, पन्नाशीच्या माणसाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितलं, त्याने बघू दिलं.

मग त्याने फोन तोंडाशी धरला. दोनदा बोलून पुसून टाकलं. तिसऱ्यांदा म्हणाला, 'राहील, मी चुकलो. हितं लोक खिशात कोंबतात त्याला बक्षीस म्हणतात, म्हणून मना राग आला. तुझं बक्षीस येगळं, ते मना कळलं नाय. चौथीतलंही कळलं नव्हतं. आज अम्मीनं सांगितलं. मी यायला पाहिजे व्हतं, बाळा. माझं बक्षीस देतोस काय? मना पाहिजे.'

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हुसेन खुर्च्या ढकलत राहिला, दर फेरीनंतर फोन बघत राहिला. सोमवारी सकाळी एका म्हाताऱ्या बाईंना मुंबईच्या विमानाशी सोडून तो वळला आणि फोन वाजला. सात सेकंदांचा मेसेज होता. मागे कोंबडं ओरडत होतं, बहुतेक राहील परसात जाऊन बोलला असावा.

'बक्षीस असं पाठवत नायत, अब्बा. घ्यायला लागतं. मी देणार हाय, माझ्या हातानं. तुमी या.'

रिकामी खुर्ची तिथेच भिंतीला लावून हुसेन सरळ सुपरवायझरच्या खोलीत गेला. सुपरवायझर केरळचा, कडक पण सरळ माणूस. त्याने हुसेनचा कार्ड नंबर टाकून स्क्रीनवर बघितलं आणि भुवया चढवल्या.

'हुसेन भाई, आपका लीव तो अगले साल है. घर में कोई बीमार है?'

'नहीं सर.'

'शादी है?'

'नहीं सर.'

'फिर क्या बोलके अप्रूव करूँ? कुछ तो रीझन लिखना पडेगा.'

हुसेनने स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या रकान्याकडे बोट केलं.

'लिखो सर, बेटे ने बुलाया है.'